काळमेघ खुनाचा सुवर्णमहोत्सव

लग्नाचा सुवर्णमहोत्सव होतो, शाळेचा होतो, पतपेढीचाही होतो. आमच्या धामणखेडात दोन हजार एक्केचाळीस साली खुनाचा सुवर्णमहोत्सव होता. रीतसर निमंत्रणपत्रिका छापली होती. वर गणपती, खाली 'सहकुटुंब सहपरिवार यावे' आणि मधोमध दिगंबर काळमेघांचा झुपकेदार मिशीचा फोटो. स्थळ म्हणून पत्ता होता माहुरकर टेलर्स, जुनी कापूस गल्ली. हे माहुरकर टेलर्स म्हणजे माझे बाबा, केशवराव माहुरकर. खून त्यांनीच केला, असं गावाचं पन्नास वर्षांचं ठाम मत.

प्रकरण थोडक्यात असं. एकवीस नोव्हेंबर एक्क्याण्णवच्या संध्याकाळी कापसाच्या जिनिंगवाल्या काळमेघांचा धाकटा मुलगा दिगंबर बाबांच्या दुकानात शिरला. समोरच्या पानठेल्यावरच्या चौघांनी त्याला आत जाताना पाहिलं. बाहेर येताना कोणीच पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या भावांनी दुकान उघडायला लावलं, तर भिंतीवर रक्त, फरशीवर रक्त आणि चिंध्यांच्या ढिगाखाली दिगंबरचा रक्तानं भिजलेला शर्ट. रक्तगट जुळला. प्रेत काही सापडलं नाही. बाबा आठ महिने तुरुंगात राहिले, मग जामिनावर आले, आणि त्र्याण्णवच्या डिसेंबरात कोर्टानं त्यांना संशयाचा फायदा देऊन सोडलं. फायदा कोर्टानं दिला, संशय गावानं ठेवून घेतला.

पहिल्या वर्षी दिगंबरच्या फोटोला नुसता हार घातला होता. पुढे निवृत्त फौजदाराचं भाषण सुरू झालं. मग खुनांच्या गोष्टी सांगणारे पॉडकास्टवाले आले, त्यांच्या मागोमाग त्यांचे श्रोते आले आणि गिला वड्याचे ठेले लागले. 'खून-फेरी' निघू लागली. गेल्या दहा वर्षांपासून शाळेतल्या मुलांची चित्रकला स्पर्धाही होते, आणि दर वर्षी बाबांना कात्री जरा जास्तच मोठी काढतात. या सगळ्या गर्दीत बाबा आपले दुकानात बसून मशीन चालवत असतात. लोक काचेतून त्यांचे फोटो काढतात.

मी ज्योत्स्ना, त्यांची एकुलती एक मुलगी. खून झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते. शाळेत माझ्या बाकावर कोणी बसत नसे. दहावीनंतर पुण्याला गेले ती तिथलीच झाले. बाबांनी ते केलं की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मी शास्त्रज्ञ आहे, पुरावा नसताना मत बनवायचं नाही, असं स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर मला उत्तराची भीती वाटायची.

आणि नशिबाचा खेळ असा, की ज्या यंत्रानं ते उत्तर मिळू शकत होतं ते मीच बनवलं.

आमच्या यंत्राचं नाव स्तरवाचक. त्यामागची कल्पना सोपी आहे. भिंतीला चुन्याची सफेदी केली की ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचा पातळसा दगड बनतो. त्या दगडाखाली भिंतीला वर्षभर चिकटलेलं सगळं कायमचं दबतं. धूळ, त्वचेचे कण, बोलताना उडालेली थुंकी, शिंक, सगळं. सजीवाच्या प्रत्येक पेशीत त्याची ओळख सांगणारा डीएनए असतो. ताजा चुना दाहक असल्यानं त्यातला बराचसा नष्ट होतो, पण जो उरतो तो चुनखडीला चिकटून बसतो आणि हाडात टिकावा तसा वर्षानुवर्षं टिकतो. स्तरवाचक लेझरनं एकेक थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सोडवतो आणि त्यातले डीएनएचे तुकडे वाचतो. दर दिवाळीला सफेदीचा एक हात, म्हणजे दर वर्षाला एक थर. त्या वर्षी त्या खोलीत कोण येऊन गेलं, याची हजेरी भिंतीतच लागलेली असते.

फक्त एक अट असते, जुने थर शाबूत हवेत. आणि ते कुठेच नसतात, कारण कुठलाही रंगारी नवा हात देण्याआधी जुना पोपडा खरवडून काढतो. देवळात, किल्ल्यात, जुन्या कचेऱ्यांत आम्हाला सलग पाच-सात थर मिळाले तरी आम्ही पेढे वाटायचो.

सलग पन्नास थर कुठे आहेत, हे मला चांगलं ठाऊक होतं. खुन्याच्या दुकानात रंगारी पाय ठेवेना, म्हणून बाबा दर दिवाळीला स्वतःच चुन्याची कळी भिजवत, त्यात नीळ घालत आणि भिंतीवर कुंचला मारत. खरवडायचं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. शिंपी माणूस, जुन्यावर नवं अस्तर लावायची सवय. त्यामुळे दुकानाची भिंत दर वर्षी थोडी आत सरकत होती. यंत्र तयार झाल्यापासून अकरा वर्षं मी त्या भिंतीबद्दल कोणाला एक शब्द बोलले नव्हते.

पण सुवर्णमहोत्सव समितीचे सचिव प्रल्हाद तायडे यांनी माझी मुलाखत कुठेतरी पाहिली. तायडे गुरुजी म्हणजे पानठेल्यावरच्या त्या चार साक्षीदारांपैकी एकाचे चिरंजीव, आणि खून-फेरीचे मार्गदर्शक. त्यांचा फोन आला.

"ताई, तुमचं मशीन घेऊन या न! पन्नास वर्षांनी उलगडा, तोही आरोपीच्या पोरीच्या हातानं. काय सोहळा होईन!"

"गुरुजी, त्यात माझे बाबा दोषी निघाले तर?"

"निघाले तर निघाले, ऐंशीच्या माणसाले कोण काय करते आता? आणि नाही निघाले तर..." गुरुजी अडखळले. हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला असावा. "नाही, तसं नाही होणार."

मी बाबांना विचारायला गावी गेले. दुपारची वेळ होती. ब्लाउजला काजं करत ते टेबलापाशी बसले होते. आता कपडे सगळे यंत्रंच शिवतात, पण ब्लाउज मात्र माणसाच्या हातचाच नीट बसतो असं बायका म्हणतात, त्यामुळे बाबांचं काम सुटलेलं नाही.

मी यंत्राचं सांगितलं. बाबांची सुई थांबली.

"नको," ते म्हणाले.

"का?"

"नको म्हणजे नको. भिंत हाय ते बरी हाय."

निर्दोष माणूस असं कशाला म्हणेल? दोन दिवस मी तिथे राहिले. स्वयंपाक केला, त्यांच्या औषधांच्या डब्या लावल्या आणि एकच विचार करत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता माझ्या तोंडून अखेर तो प्रश्न निघाला.

"बाबा, तुम्ही केलं होतं का?"

त्यांनी कप खाली ठेवला. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याला भर रस्त्यात ओळखीच्या माणसानं ओळख दाखवू नये, तसा तो चेहरा झाला होता.

"तुले बी वाटते?"

मी मान खाली घातली.

"मले वाटे, गावाले वाटते. तुले माहीत असंन असं मी धरूनच चाललो होतो." त्यांनी कप उचलून उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "आण तुझं मशीन."

यंत्र आलं तेव्हा गल्लीत मुंगी शिरायलाही जागा नव्हती. माझे दोन सहकारी आणि मी दुकान आतून बंद करून काम करत होतो. बाहेर लोक कॅमेरा लावलेल्या चष्म्यांतून थेट प्रक्षेपण करत होते. त्यांना दिसत काहीच नव्हतं, पण बोलायचे थांबत नव्हते. पद्माकरभाऊ काळमेघ, म्हणजे दिगंबरचे मोठे भाऊ, वय शहाऐंशी, मंडपात मानाच्या खुर्चीत बसले होते. तुलनेसाठी त्यांच्या गालातला नमुना घेतला, तेव्हा म्हणाले, "घे माय. पण माझ्या भावाले न्याय भेटला पाहिजे."

भिंतीच्या दोन जागा आम्ही निवडल्या. एक पोलिसांच्या जुन्या फोटोत रक्ताचे डाग दिसत होते ती. दुसरी गिऱ्हाइकाच्या बाकाला लागून, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. एकेक थर सुटत गेला. एक्केचाळीस साल, चाळीस, एकोणचाळीस. मध्येच आईची ओळख भेटली. ती सात वर्षांपूर्वी गेली, पण चौतीसच्या थरापासून मागे प्रत्येक थरात ती होती. माझा सहकारी आकडे वाचत होता आणि मी गुपचूप डोळे पुसत होते.

एक्क्याण्णव आणि ब्याण्णवच्या हातांच्या मधोमध रक्त मिळालं. पद्माकरभाऊंच्या सख्ख्या भावाचं, म्हणजे दिगंबरचंच. पण ते रक्त अगदीच थोडं होतं, वाटीभरही नसेल. पोलिसांच्या कागदांत तर रक्ताचे पाट वाहिले होते! शिवाय त्या रक्तात साबणाचा अंश होता आणि बारीक कापलेले राठ केस. मला काही अर्थ लागेना. साबण लावून कोण खून करतं?

मग दुसऱ्या जागेचा निकाल आला. मी तो एकदा वाचला. मग नमुना बदलून पुन्हा चाचणी लावली. मग तिसऱ्यांदा लावली. ब्याण्णवच्या हाताच्या वर आणि त्र्याण्णवच्या हाताच्या खाली, बाकाशेजारी, थुंकीचे कण होते. ते दिगंबर काळमेघचे होते. वरून-खालून चुन्यानं बंद झालेला थर, इकडचं तिकडे जायला वाव नाही.

म्हणजे खून झाल्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी मयत दुकानात येऊन बाकावर बसला होता. आणि चांगला भरपूर बोलला होता.

मी सहकाऱ्यांना बाहेर चहाला पाठवलं आणि स्क्रीन बाबांसमोर धरला. त्यांनी चष्मा वर केला, ओळ वाचली आणि मोठा श्वास सोडला.

"मी कोणाले सांगितलं नाही," ते म्हणाले. "भिंतीनं सांगितलं. माझा शब्द शाबूत हाय."

मग त्यांनी सांगितलं. दिगंबरचं एका वेगळ्या जातीच्या मुलीवर मन जडलं होतं. भाऊ म्हणाले होते, दोघांनाही विहिरीत टाकू. भावांची माणसं दोन्ही स्टँडवर बसलेली. दिगंबर बाबांचा वर्गमित्र. बाबांनी त्याच्या मापाचा ब्लाउज शिवला. "आयुष्यात तितल्या रुंद खांद्याचा ब्लाउज पुन्हा नाही शिवला," ते म्हणाले. मिशी तेवढी अडचणीची होती. दुकानातच साबण लावून घाईघाईत काढायला गेले आणि वरचा ओठ असा कापला की रक्त थांबेना. शर्टानं दाबून धरलं, हात भिंतीला लागले, फरशीवर सांडलं. शेवटी ओठावर पदर धरून दिगंबर लुगड्यात बाहेर पडला. पानठेल्यावरच्या चौघांनी त्याला चांगलं पाहिलं. शिंप्याच्या दुकानातून निघणाऱ्या बायका कोण मोजतो?

"एकानं तर कोर्टात सांगितलं बी, की मागून एक लय उंच बाई गेली म्हणून. वकील म्हणे, बाईचं काय सांगता, माणसाचं सांगा."

मी हसावं की रडावं? "आणि त्र्याण्णव साली?"

"केस चालू आहे हे त्याले उशिरा समजलं. धावत आला. म्हणे, मी कोर्टात उभा राहतो. त्याची बायको पोटुशी होती. मी म्हटलं, उभा राहिला तर तुझे भाऊ तिले शोधून काढतीन. वकील म्हणते मी सुटतो. तू जा. आणि पुन्हा कोणाले सांगू नको, मी बी नाही सांगणार."

"आईला माहीत होतं?"

"चहा तिनंच केला न! त्याच्या बायकोसाठी खण दिला बांधून."

"म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं!" माझा आवाज चढला. बाहेरचे चष्मेवाले कान टवकारून उभे असणार, पण मला पर्वा नव्हती. "पन्नास वर्षं, बाबा! मला का नाही सांगितलं?"

"तू लहान होतीस, माय. शाळेत बोलून गेली असतीस."

"आणि नंतर?"

"नंतर तू पुण्याले गेलीस."

"बाबा, पुण्याला जाऊन चाळीस वर्षं झाली!"

त्यांनी काजांवरून बोट फिरवलं. अपराधी चेहऱ्यानं, अगदी मनापासून ते म्हणाले, "मग सांगाचं राहूनच गेलं."

मी त्यांच्यावर जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कोणावर चिडले नसेन. आणि चिडता चिडताच त्यांच्या गळ्यात पडून रडले. चाळीस वर्षं मी ज्या माणसाकडे तिरक्या नजरेनं पाहिलं, तो माणूस मला जसा हवा होता त्याहून चांगला निघाला होता.

दुपारी चारला मंडपात मी निकाल वाचला. रक्त किती, साबण कुठला, थर कोणता, सगळं सावकाश सांगितलं. लुगड्याचं बाबांनी स्वतः सांगितलं. पहिल्यांदा कोणालाच कळेना. मग मागच्या रांगेतून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "म्हणजे खून झालाच नाही?" त्या आवाजात अशी निराशा होती, की मला क्षणभर अपराधी वाटलं. तायडे गुरुजींनी तर कपाळाला हात लावला. त्यांच्या मागे फलकावर 'सुवर्णमहोत्सव' झळकत होतं.

पद्माकरभाऊ काठी टेकत उठले.

"पन्नास वर्षं श्राद्ध घातलं मी त्याचं!" ते कडाडले. "दर वर्षी खीर केली! आणि हा तिकडं जिवंत?"

मंडप हसला. पण म्हातारा हसला नाही. तो बाबांसमोर येऊन उभा राहिला आणि त्याचा आवाज बसला.

"केशव, कुठं गेला होता तो?"

"नाही सांगणार, भाऊ."

"आता बी नाही?"

"शब्द दिला हाय. तुमच्यापासूनच वाचवला होता त्याले."

पद्माकरभाऊंची मान खाली गेली. "विहिरीत टाकतो म्हणलो होतो मी," ते हळूच म्हणाले. "टाकला बी असता." मग काठी काखेत धरून त्यांनी दोन्ही हात जोडले. "तू मले खुनी होऊ नाही दिलं, बावा. स्वतः झाला." आणि सगळ्या गावासमोर तो ऐंशी पार केलेला माणूस हमसून रडला. बाबांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. त्या पन्नास वर्षांत काळमेघांच्या घरातल्या कोणीही बाबांच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुण्याला निघायचं म्हणून मी सकाळी दुकानात बॅग घेऊन बसले होते. गल्ली रिकामी होती. मंडपवाले कनाती सोडत होते. बाबा नेहमीसारखे टेबलापाशी होते, पण मशीन बंदच. आता पुढे काय, हा प्रश्न त्यांनाही पडला असावा.

तेवढ्यात तायडे गुरुजींच्या पत्नी, कुंदाताई, तरातरा आत आल्या आणि हातातला हिरवा ब्लाउज त्यांनी टेबलावर आपटला.

"काका, हा काय गळा काढून ठेवला तुम्ही? एका बाजूनं वर, एका बाजूनं खाली! आणि बाही पाहा, हात वर केला की काखेत काचते. वीस वर्षं झाली मी असेच घालून राहिली!"

मी उठून उभी राहिले. त्यांना चार शब्द सुनवणार, तेवढ्यात माझं लक्ष बाबांकडे गेलं. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते हसत होते.

"बाबा, काय झालं?"

"माय, पन्नास वर्षांत माझ्या शिवणीले कोणी नाव ठेवलं नाही," ते म्हणाले. "एकानं बी नाही. उसवा म्हणलं नाही, ढिलं करा म्हणलं नाही. घेतलं आणि गुमान गेले. मले कधी वाटे, मी लय चांगला शिवतो. कधी वाटे, भेतात. यातलं खरं कोणतं, मले कधी समजलंच नाही. कोणाले विचारू?"

कुंदाताईंचा आवेश एकदम उतरला. त्या पदराशी चाळा करू लागल्या. "तसं नाही काका... म्हणजे बाकी शिवण चांगली हाय..."

"नाही नाही, आता मागं नको सरू," बाबा घाईघाईनं म्हणाले. त्यांनी बाकावरचे कापडाचे तुकडे बाजूला सारले, त्यांच्यासाठी जागा केली, डोळे पुसले आणि टेबलावरचा खडू उचलला. "बस माय. गळ्याचं समजलं. आता बाहीचं सांग. सगळं सांग."